आवाज कधी येतो

भांडी निथळायच्या जाळीवरून दुधाच्या पातेल्याचं झाकण घसरलं आणि फरशीवर कडेवर उभं राहून फिरू लागलं. आधी सावकाश, ऐटीत, मग लगबगीनं, आणि शेवटी जमिनीला टेकता टेकता बारीक, दाढांत शिरणारा थरकाप करून गप्प झालं. दुपारचे अडीच वाजले होते. घरात इतकं सामसूम होतं की त्या झाकणाची मलाच लाज वाटली. टिल्ली आतल्या खोलीत नुकती झोपली होती. चार वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी असलेली माझी मुलगी, जिला दुपारची झोपवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. तिनं झोपेतच दोन्ही हात वर फेकले, ओठ चोखले, आणि माझं नशीब, पुन्हा कुशीवर वळली. मी ओट्याला पाठ लावून श्वास धरून उभी. आणि बाबा माझ्यापासून चार पावलांवर, खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मान वळली नाही. खांदाही हलला नाही.

आता याचं मला एवढं काय वाटावं, ते बाबा कोण आहेत हे कळल्याशिवाय कळायचं नाही. खाली आमचं गॅरेज आहे, वर आम्ही राहतो. माझा नवरा सकाळी छापखान्यात जातो तो दिवेलागणीला येतो, तोवर घरात आम्ही तिघं: आजोबा, नात आणि मी. पस्तीस वर्षं बाबा गाड्यांचे आवाज शोधत आले. इंजिनाचं काम करणारे गल्लोगल्ली आहेत. पण इंजिनाच्या मागे, गिअरपासून चाकांपर्यंत जे फिरतं, त्यातला आवाज हुडकायला लोक दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन येतात. गिऱ्हाइकं त्यांना कानसेन म्हणतात. याच खुर्चीत बसून, खालून गेलेल्या ट्रककडे ढुंकूनही न बघता ते म्हणायचे, "मागच्या डाव्या चाकात खडा अडकलाय याच्या." मी धावत खिडकीशी जायची, पण ट्रक कोपऱ्यावरून वळून गेलेला असायचा, म्हणून ते नेहमी खरेच ठरायचे. आई होती तेव्हा म्हणायची, "साऱ्या जगाचं ऐकू येतं या माणसाला. माझी हाक तेवढी सोडून."

मग मी एक गोष्ट केली, तिची टोचणी अजून आहे. मी चमचा घेतला आणि काचेच्या पेल्याच्या काठावर हलकेच टिचकवला. किण्ण. बाबा वाचत राहिले. खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढून जरा हलवला. वाचतच राहिले. मग मी टाच उचलून जमिनीवर आपटली, अगदी हलकी, धप्प. बाबा चटकन वळले. "काय गं, काय पाडलंस?" मी म्हटलं, काही नाही, स्टूल सरकलं. त्यांनी मान डोलावली आणि परत पेपरात गेले. जाड आवाज पोचत होते. बारीक पोचत नव्हते. अर्ध्या मिनिटात, त्यांच्या पाठीमागे, त्यांनीच शिकवलेल्या रीतीनं मी माझ्या बापाला तपासून मोकळी झाले होते. हात धुवायच्या नळाखाली उगाचच हात धरून मी उभी राहिले.

सकाळचं तेव्हा डोक्यात जागेवर बसलं. सकाळी गुरांची डॉक्टरीण आली होती, आठवड्यात दुसऱ्यांदा. तिच्याकडे चारही चाकांना जोर देणारी पिकअप आहे, मागे लसींच्या थंड पेट्या, दोरखंड, गमबूट. डोंगरातल्या वस्त्यांवर तीच एक जाते. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं सांगितलं होतं: वर चढताना, पुढची चाकं जोडली की आवाज सुरू होतो, हळू असताना हळू, वेग घेतला की भरभर. बाबांनी आणि गॅरेजातल्या मिस्त्रींनी गाडी फिरवून आणली होती, टायर घुमतात फक्त, नवीन जाड नक्षीचे आहेत, असं सांगून परत दिली होती. आज ती म्हणाली, "काका, अजून आहे हो." बाबा परत गेले, परत आले. मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यात उभी होते, म्हणून ऐकलं. बाबा म्हणाले, "बाई, दोनदा फिरवली. गाडीत आवाज नाही. तुमचा भास असेल." बादलीच्या काठावरून लोंबणाऱ्या कपड्यांचं पाणी माझ्या पायावर ठिबकत राहिलं. भास. हा शब्द या गॅरेजात मी कधी ऐकलेला नव्हता. डॉक्टरिणीनं किल्ली बाबांकडेच राहू दिली. मग म्हणाली, "उद्या पहाटे निघायचंय. वरच्या वस्त्यांवर साथ आहे, चार दिवस खाली उतरणं नाही. पण तुम्ही म्हणताय तर असेल भासच. संध्याकाळी सहाला गाडी न्यायला येते." तुम्ही म्हणताय तर. त्या तीन शब्दांवर ती बाई एका बाजूला दरी असलेला रस्ता चढणार होती.

बाबांचे गाडी तपासायचे दोन नियम होते. पहिला गिऱ्हाइकासाठी: आवाज कुठून येतो ते सांगू नका, कधी येतो तेवढं सांगा. "लोखंडातून आवाज चालत येतो," ते म्हणायचे, "आणि लांबून चालत आलेल्याला विचारलं तर तो शेवटच्या वळणाचंच गाव सांगतो." कधी, हे मात्र माणूस चुकत नाही. वळताना की सरळ जाताना. पाय दाबला की सोडला की. मागे घेऊन पुढे टाकताना एकदाच, की सतत. एकेका उत्तरासरशी बाबांच्या डोळ्यांपुढे गाडीचा एकेक भाग विझत जायचा, आणि शेवटी एकच दिवा उरायचा. दुसरा नियम आपल्या माणसांसाठी: गाडी फिरवताना गाडीत बोलायचं नाही. एकानं 'बेअरिंग' म्हटलं की सगळ्यांच्या कानांत बेअरिंगच वाजतं. म्हणून प्रत्येकानं आपापलं ऐकलेलं तोंडात धरून ठेवायचं, आणि खाली उतरल्यावर बाबा विचारतील, "काय ऐकलंस?" तेव्हाच सोडायचं. मी आठ वर्षांची असताना मधल्या जागेवर बसून ओठ इतके आवळायची की उतरेपर्यंत ते पांढरे पडायचे. एकदा मी सांगितलं, "तो टक् उजवीकडे वळतानाच येतो, डावीकडे नाही." मिस्त्रींना ते समजलं नव्हतं. बाबांनी मनगटाची उलटी बाजू माझ्या गालाला लावली. पंजाला कायम काळं तेल, म्हणून आम्हाला त्यांची माया मनगटाच्या पाठीनंच मिळायची. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांचेच वडील असे गोंजारतात.

आणि भास हा शब्द. तो कसा असतो ते मला माहीत आहे. टिल्ली दीड महिन्याची होती. मला ती रडताना ऐकू यायची. ती माझ्या मांडीवर गाढ झोपलेली असायची आणि कुठेतरी, भिंतीपलीकडे, ती रडत असायची. तीच, तिचाच घसा. मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बघून यायची, तिलाच कडेवर घेऊन. नवरा म्हणायचा, "अगं ही बघ ना, झोपलीये." नणंद म्हणाली, "पहिलटकरणीला होतात गं असे भास." डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. कुणीच वाईट नव्हतं, कुणी चुकीचंही नव्हतं. पण दरवेळी कुणी भास म्हटलं की माझ्या पायाखालची एकेक पायरी काढून घेतल्यासारखी व्हायची, आणि मी आपली खाली. मग मी सांगायचंच सोडलं. हसायला लागले. सगळ्यांना वाटलं, सुधारली. बाबा एका दुपारी आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीवर आले, पलंगाच्या पायथ्याशी टेकले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कधी येतो?"

एवढंच. मला रडूच फुटलं. बाबांनी रडू संपू दिलं, घाई केली नाही, आणि परत विचारलं, "कधी?" मी सांगितलं. आंघोळ करताना. भांडी घासताना. रस्त्यावर नाही. गच्चीवर नाही. बाबा उठले, न्हाणीघरात गेले, नळ जरासा सोडला. "आता?" नाही. आणखी जरा. "आता?" नाही. आणखी अर्धा आटा. "आता?" आणि भिंतीतून माझी मुलगी रडली. बाबांनी खिशातून पाना काढला, नळ खोलला, फाटलेला वॉशर तळहातावर ठेवून मला दाखवला. काळी, चुरगळलेली, बोटाच्या पेराएवढी गोष्ट. तेवढ्यानं सगळं थांबलं असं नाही. पुढच्या आठवड्यात मला परत ऐकू आलं, नळ बंद असताना. ते सांगायला मी किती घाबरले होते! आता तरी हे म्हणतील, की बाई, तुझ्या डोक्यातच आहे. बाबा म्हणाले, "मग दुसराही असेल. एका गाडीत दोन आवाज असतातच. शोधू." शोधू, या शब्दावर मी पुढचे तीन महिने उभी होते. त्यांनी माझा दुसरा आवाज शोधून काढला असं नाही. तो आपोआप विरत गेला, कधी ते मलाही सांगता येणार नाही. पण ज्या माणसानं माझ्या ऐकण्याला एकदाही खोटं म्हटलं नाही, त्याच्या उपकाराचं ओझं वाटत नाही, त्यानं अंगातलं ओझं उतरतं.

तर अशा माणसानं आज सकाळी एका बाईला भास म्हटलं होतं.

मी टिल्लीवरचं पांघरूण सारखं केलं आणि दार लोटून खाली गेले. बावीस वर्षं बाबांबरोबर काम करणारे मिस्त्री पाने पुसून एकेक फळीवर लावत होते. हा माणूस बोलायला महाग. लग्नात अंतरपाट धरायच्या वेळीही म्हणे हा पाना शोधत होता, असं आई सांगायची. पिकअप गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर उभी होती, चिखलानं पोटापर्यंत माखलेली.

"मिस्त्रीकाका, डॉक्टरीणबाईंच्या गाडीत आवाज आहे का?"

"मालक नाही म्हणाले ना."

"मालक म्हणाले ते मी जिन्यातून ऐकलं. तुम्हाला आला का?"

त्यांनी एक पाना दोनदा पुसला. "चिमणीसारखा," शेवटी म्हणाले. "खालून, पुढच्या अंगाला. पुढच्या शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला असणार. सुया वाजतात आतल्या."

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारी लांब फिरती नळी, आणि क्रॉस म्हणजे तिच्या टोकाचा सांधा, त्याच्या टोप्यांत सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात. त्यांतलं ग्रीस वाळलं की ती किलबिलतात, आणि किलबिलणं थांबलं की सांधा तुटतो आणि फिरता शाफ्ट रस्त्यावर खाली पडतो. हे मला मिस्त्रींनी सांगायची गरज नव्हती. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"गाडीत बोलायचं नाही."

"उतरल्यावर?"

"उतरल्यावर ते विचारायचे ना ताई, काय ऐकलंस म्हणून. वर्ष झालं, विचारतच नाहीत. उतरतात आणि सरळ हात धुवायला जातात." मिस्त्री आता माझ्याकडे बघत नव्हते. "मी बघतो सगळं. ते जेवायला वर गेले की बघून घेतो. गेल्या पावसाळ्यातली ती पांढरी गाडी, त्या वकिलाची, सगळं मीच. आताही काळजी करू नका. पाचला ते चालायला जातात. क्रॉस आणून ठेवलाय, त्या कपाटात. घंटाभरात बसतो. बाईंची गाडी गप्प, मालकांचा शब्द खरा. कुणाला काही कळायचं नाही."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. वर्षभर, एक चकार शब्द न काढता, त्यानं माझ्या बापाची अब्रू आपल्या काळ्या हातांनी झाकून धरली होती. माझ्या मनात आलं, पाया पडावं याच्या. आणि त्याच वेळी हेही दिसलं, की बाबांनी घातलेला न बोलायचा नियम बाबांच्याच भोवती भिंत होऊन उभा राहिला होता, आणि आत ते एकटे होते. करू द्यावं का मिस्त्रींना? काय बिघडतं? क्रॉस नवा बसेल, गाडी सुखरूप चढेल, बाबा पाचला चालायला जातील, सहाला बाईंच्या हातात किल्ली देतील, तेच मोठे, तेच खरे. पण मग ती डॉक्टरीण. ती चार दिवस वर जाईल, आवाज येणार नाही, आणि तिला पटेल की तो खरंच भास होता. मग पुढच्या वर्षी त्याच चढावर खरं काही वाजेल, आणि ती स्वतःला म्हणेल, गप गं, काही नाहीये. तिच्या पायाखालची पायरी काढून घेतल्यावरच आमचा शब्द खरा होत होता. आणि मला ती पायरी ओळखीची होती.

"पाचपर्यंत थांबा काका," मी म्हटलं. "क्रॉस कपाटातच असू द्या."

टिल्ली उठली ती फुरंगटूनच. तिला दूध दिलं, केस विंचरले, आणि बाबांना म्हटलं, "बाबा, टिल्लीला त्या मोठ्या गाडीत बसायचंय. खाणीपर्यंत एक चक्कर मारा ना." टिल्लीनं माझ्याकडे बघितलं, कारण तिला असं काही नको होतं, पण लगेच तिला ते हवं झालं. बाबा म्हणाले, "बाईची गाडी आहे, खेळणं नाही." मी म्हटलं, "तपासणी समजा." ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. तिघं पुढेच बसलो, टिल्ली माझ्या मांडीवर, पट्ट्याच्या आत माझ्या हातांची आणखी एक गाठ. बाबा म्हणाले, "नियम?" आणि टिल्लीनं दोन बोटांनी आपले ओठ चिमटीत धरले, चिमणीची चोच धरावी तसे.

जुन्या दगडखाणीकडे जाणारा रस्ता कच्चा आहे, माणसं फारशी नसतात. बाबांनी गाडी थांबवली, खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती फिरवली, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडली गेली, आत येऊन छोटा दांडा ओढला आणि पहिल्या गिअरात, माणूस चालतो त्या वेगानं, गाडी सोडली. टायर घुमत होते, जाड, पोटातून. आणि त्याखाली, बारीक, कोरडं: चिक्. चिक्. चिक्. चिक्. लपून बसलेलं काहीतरी जिवंत असल्यासारखं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली होती, डोळे रस्त्यावर होते आणि रस्त्यावर नव्हते, जबडा सैल, बोटं चाकावर नुसती ठेवलेली. ऐकणाऱ्या बाबांचा चेहरा. या चेहऱ्याइतकं सुंदर मी दुसरं काही पाहिलेलं नाही. लहानपणी मला वाटायचं देव बहुतेक असं ऐकत असेल. तो चेहरा संपूर्ण लक्ष देऊन ऐकत होता आणि त्याला काहीच येत नव्हतं. कोरड्या विहिरीत पोहरा सोडावा, आणि दोर संपत यावा, तरी खाली पाणी लागू नये, तसं.

"बाबा," मी म्हटलं, "आवाज आहे."

गाडी चालत राहिली. मग थांबली. इंजिन चालू होतं.

"गाडीत बोलायचं नाही," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"तरी बोललीस."

"हो."

टिल्लीनं चिमटी सोडली. "आईनं नियम मोडला," ती हर्षानं म्हणाली आणि परत चिमटी लावली.

बाबा काचेतून समोर बघत होते. समोर काही नव्हतं, खाणीचा पिवळा कडा आणि एक मोडकं पत्र्याचं छप्पर. मला वाटलं, आता गाडी वळवतील. आता म्हणतील, तुलाही भास होतो का गं. आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर, खरं सांगते, मी मान्यही केलं असतं. मी म्हटलं असतं, हो बाबा, असेल. इतका तो चेहरा एकटा होता. मग बाबांनी घसा साफ केला, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा त्यांचा तो सपाट, धीराचा आवाज आला:

"कधी?"

मी पट्ट्यात बसल्या बसल्याच जरा पुढे सरकले. "चालताना. थांबल्यावर नाही. आता नाहीये."

"हं." ते खाली उतरले, खिशातला खडू काढून त्यांच्या बाजूच्या पुढच्या चाकावर एक जाड पांढरी रेघ ओढली, परत येऊन बसले. खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्या बाजूचा हात माझ्यासमोर धरला, बाही वर सारून. "येईल तसा वाजव. इथे."

गाडी हलली. मी त्यांच्या हातावर बोटानं वाजवू लागले, चिक्, चिक्, चिक्, चिक्. कातडी सैल झाली आहे त्यांची, खाली हाड लगेच लागतं. खिडकीबाहेरून दर थोड्या वेळानं त्यांचा हुंकार येई, "हं", पांढरी रेघ वर आली की. हं, आणि माझी चार बोटं. हं, आणि चार. हं, आणि चार. टिल्लीनंही आपलं एक बोट त्यांच्या हातावर वाजवायला सुरुवात केली, भलत्याच ठेक्यात. बाबांनी "तू नाही गं, घोळ होतो" म्हटलं, तेव्हा ती हिरमुसून माझ्या गुडघ्यावर वाजवू लागली. बाबांनी वेग वाढवला, माझं बोट धावू लागलं. पाय सोडला. "आता?" आहे. छोटा दांडा परत ढकलला, खाली उतरून चकत्या उलट्या फिरवल्या, पुढची चाकं मोकळी केली, परत चालवलं. "आता?" मी कान दिले. टायर घुमत होते. बाकी काही नाही. "आता नाही बाबा. गेला."

त्यांनी गाडी उभी केली. मान आत घेतली. वाऱ्यानं त्यांचे डोळे पाणावले होते, किंवा वाऱ्यानं म्हणू या. "चाक एकदा फिरेपर्यंत चार," ते म्हणाले. "म्हणजे चाक नव्हे, शाफ्ट. पाय सोडला तरी आहे, म्हणजे गिअरचे दात नव्हेत. चकत्या सोडल्या की जातो, म्हणजे पुढचा. क्रॉस कोरडा पडलाय." मग म्हणाले, "तुला चिमणीसारखा येत असेल."

मी चिमणी म्हटलं नव्हतं. "हो. तसाच."

"हं." त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं. "मला वाटायचं, हल्ली पाखरंच कमी झालीत."

परत येताना कुणी बोललं नाही, पण ती नियमातली शांतता नव्हती. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, जिथे माझं बोट वाजलं होतं तिथे, आणि मला वाटत होतं की मोठ्या कर्जातला एवढासा, चार टिचक्यांएवढा भाग तरी आज माझ्याकडून फिटला. आणि लगेच वाटलं, छे, फिटला कुठे, वाढला. आपल्याला न येणारा आवाज दुसऱ्याच्या बोटावरून मानून घ्यायला, आणि त्यावर पस्तीस वर्षांचं शहाणपण लावायला, जे लागतं ते त्यांनी आज मला परत एकदा दाखवलं होतं. माझ्यात ते असेल का, कोण जाणे.

गॅरेजात मिस्त्री उभेच होते. बाबा दिवा घेऊन स्वतः खड्ड्यात उतरले. आम्ही वरून वाकलो. पुढच्या शाफ्टच्या सांध्यापाशी, टोपीच्या कडेनं, विटेच्या भुग्यासारखी लाल बारीक पूड बसली होती. बाबांनी ती बोटावर घेऊन वर धरली. शाफ्ट मुठीत धरून पिळला. तो मुठीत हलला.

"तुला आला होता आवाज?" खालूनच त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी एक पाना पुसायला घेतला.

"बावीस वर्षं कान द्यायला शिकवलं तुला. कानाडोळा करायला कधी शिकलास?"

"तुम्ही विचारायचं थांबलात, मालक."

खड्ड्यातला दिवा हलला, खाली ठेवला गेला. मग बाबा म्हणाले, "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. ते नको होतं." आणि पुन्हा, मोठ्यानं, कामाच्या आवाजात, "क्रॉस आण तो. आणि उद्यापासून गाडीत माझ्या शेजारी बसायचं. हातावर वाजवायचं. जोरात, लाजू नकोस."

सहाला डॉक्टरीण आली तेव्हा बाबांनी तिला जुना क्रॉस फडक्यावर ठेवून दाखवला. सुया गंजून पिठूळ झाल्या होत्या. "बाई, आवाज होता," ते म्हणाले. "मला आला नाही. बारीक आवाज मला आता येत नाहीत. तुमचा कान चोख आहे. वर काही वाजलं की थांबायचं, मग कुणी काही म्हणो. मीसुद्धा." ती बाई त्या लाल भुग्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली, डोळे पुसत पुसत हसली. "काका, मी गेला आठवडाभर स्वतःलाच वेड्यात काढतेय हो," ती म्हणाली. "गोठ्यात गेले तरी चिमणी, घरात गेले तरी चिमणी." मिस्त्रींनी, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तोंड वळवून पाने लावायला घेतले.

वर आल्यावर मी टिल्लीचे हात साबणानं धूत होते. तिच्या एका बोटाला खडू लागला होता. ती म्हणाली, "आजोबांना चिमणी ऐकू येत नाही?"

"बारीक आवाज येत नाहीत त्यांना आता."

"माझा येतो?"

"तू मोठ्यानं बोललीस की येतो."

"आणि हळू बोलले की?"

"हळू नाही येत बहुतेक."

तिनं पाण्याखालचे हात तसेच ठेवले. कपाळावर आठी आली, बाबांच्या कपाळावर येते तशीच, उभी. "पण मी त्यांना कानात सांगते ना रोज," ती म्हणाली. "गुपितं. ती हळूच सांगायची असतात. आणि ते हो म्हणतात."

"हो?"

"सगळ्याला हो म्हणतात." नळ चालू होता. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग आई, मी ती कुणाला सांगितली?"